तिसरी घिरटी

१

लढाई संपली, इंग्रज गेला, पण माझी चौकीदारी काही गेली नाही. गोंदियाच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांच्या मधोमध, इंग्रजांनी लढाईत विमानं उतरवायला एक लांबलचक पक्की पट्टी बांधली होती. तिच्यावर गुरं चढू नयेत आणि लोकांनी धान वाळवू नये, हे पाहायला सरकारनं मला ठेवलं होतं. गुरं चढत होती, लोक धान वाळवत होते, आणि सगळ्यांत आधी माझंच धान तिथं पसरलेलं असायचं. कुंपणानंच शेत खायचं म्हणतात, ते मी रोज खात होतो.

छप्पन सालचा कार्तिक. दुपारी मी पट्टीवरून घरी यायचो. माझं घर पट्टीच्या पश्चिम टोकाला, बोडीच्या काठावर. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं. जेवायचं, ओसरीच्या खांबाला टेकायचं, आणि पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून गीताच्या झोळीला झोका द्यायचा. गीता माझी धाकटी, तेव्हा दोन महिन्यांची. थोरली धुरपता बारा वर्षांची.

"अख्ख्या आंगात तुमचा आंगठाच काय तो कामाचा," मंदा, माझी बायको, म्हणायची.

त्या दुपारी बालाघाटच्या गाडीची शिटी ऐकू आली आणि माझा डोळा लागत होता. अंगठा चालूच होता. झोळी जड लागत होती, भरलेली होती, म्हणजे पोरगी झोपली असं मी धरून चाललो. तेवढ्यात मंदा चुलीजवळून बाहेर आली. तिच्या खांद्यावर गीता होती.

मी झोळीकडे पाहिलं. लेकरू असलं की झोळी खाली लोंबते. ही लोंबत नव्हती. ती पोट फुगवून आडवी झाली होती, वरची दोरीसुद्धा तिरपी, बोडीच्या बाजूला कललेली, आणि ती परत येत नव्हती. झोका गेला की परत येतो. हा गेला तो तिथंच राहिला.

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. चुलीचा धूर छपराच्या कवेलूंतून सरळ वर जात होता.

"भूत पायल्यावानी काऊन पाहून राहिले जी?" मंदा म्हणाली आणि पोरगी झोळीत ठेवायला पुढं झाली. तिचा हात लागला तशी झोळी सैल पडली.

"आज गीताले माझ्याजवळ दे," मी म्हणालो.

मंदा हसली. इतकं प्रेम मी कधी दाखवलं नव्हतं.

२

त्या झोळीचं कापड कुठून आलं, हे मंदाला मी कधी खरं सांगितलं नाही.

धुरपताच्या आधी आमची दोन लेकरं गेली. दोघांनाही मीच हातावर नेऊन बोडीपलीकडे पुरून आलो. तिसऱ्या वेळी दिवस भरले तेव्हा रुख्मा सुईणीनं मला बाजूला घेतलं.

"हे पाय उदाराम, तुहे दोन लेकरं मातीनं मांगून नेले. आता तिसऱ्याले मातीची वळख पडू देऊ नोको. ज्या कापडाले माती लागली नाई आन् जे इकत आनलं नाई, असं कापड आन. पयल्या दिवशी त्यातच निजवाचं."

आता असं कापड आणायचं कुठून? लुगडं असो की धोतर, सगळं कधी ना कधी जमिनीवर पडलेलंच असतं. त्यात लढाईचे दिवस, कापडावर कंट्रोल. मी चार दिवस डोकं खाजवलं. पाचव्या दिवशी पट्टीवर काम करता करता सहज वर पाहिलं.

पट्टीच्या कडेला उंच खांब होता. त्यावर वारा दाखवायला कापडाची लांब नळी लावलेली असायची, तोंडाशी रुंद, शेपटाशी चिंचोळी. वारा शिरला की ती फुगून आडवी व्हायची, आणि वरून येणारा पायलट तिच्याकडे पाहून ठरवायचा की कोणत्या टोकानं उतरायचं. विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उतरावं लागतं, पाठीवर वारा घेऊन उतरलं तर ते थांबत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी अडाणी नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. आम्ही चौकीदार त्या नळीला पायजमा म्हणायचो, एका पायाचा.

तो पायजमा नवा होता. पंधरा दिवसांपूर्वी पेटीतून निघाला तो माझ्याच हातांनी थेट खांबावर चढला होता. माती त्याला ठाऊक नव्हती. फाटका जुना शेडमध्ये पडलेला होता. नवा काढायचा, जुना चढवायचा, नवा वाऱ्यानं उडून गेला म्हणायचं. कोण खांबाकडे पाहतं?

चव्वेचाळीसच्या कार्तिकात पहाटे पोरगी झाली. दुपारी कोणी नाही असं पाहून मी पायजमा उतरवला, सदऱ्याच्या आत पोटाला गुंडाळला आणि जुना आणायला शेडमध्ये गेलो. त्या दिवशी कोणतंच विमान यायचं नव्हतं.

तेवढ्यात बालाघाटच्या गाडीची शिटी झाली आणि मागोमाग विमानाचा आवाज आला. एकट्या माणसाचं लढाऊ विमान. त्याच्या नाकावरचा पिवळा पट्टा मी ओळखला. भादव्यात ते एकदा तासभर आमच्याकडे उतरलं होतं. पायलट मराठी निघाला, एकवीस वर्षांचा, अच्युत वझलवार. मी त्याला माठातलं पाणी दिलं होतं. त्यानं माझं नाव विचारलं, घरी कोण कोण विचारलं. मूल व्हायचं आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग पेढे ठेवा, उदाराम. परत आलो की मागून घेईन." पायजम्याचं नाव ऐकून तो पोट धरून हसला होता. तरीही विमानात चढताना त्यानं बोट ओलं करून वर धरलं आणि मला विचारलं, "वारा कोणीकडून आहे?"

त्या दुपारी त्यानं पट्टीवर तीन घिरट्या घातल्या. मी शेडच्या दारात उभा होतो, पोटाला पायजमा बांधून.

तिसऱ्या घिरटीनंतर तो पूर्वेकडून उतरला. बाकी दिवसांत तेच बरोबर असायचं. पण कार्तिकात वारा फिरला होता, तोही पूर्वेकडूनच वाहत होता. पट्टी संपली तरी विमान थांबलं नाही. ते बोडीत जाऊन उलटं पडलं.

३

चोरी पचली की माणसाला वाटतं, देवानंही पाहिलं नाही. मला बारा वर्षं तसंच वाटत होतं. धुरपता जगली, काटक झाली. मंदाला सांगितलं होतं की गोऱ्या साहेबानं खुशीनं कापड दिलं. तिनं ते जपून ठेवलं आणि गीताच्या वेळी पेटीतून काढलं. नको म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हतं.

आता झोळी कलते हे दिसल्यावर मी आधी दोरी बदलली. सुंभाची नवी दोरी पीळ सोडते, त्यानं झोळी फिरते. मग ओसरीतून झोळी आतल्या खोलीत बांधली. त्या खोलीला खिडकी नाही. दार लावून मी बिडी पेटवली आणि झोळीखाली बसलो.

गाडीची शिटी झाली. बिडीचा धूर सरळ वर चालला होता. झोळीचं तोंड हळूच उघडलं, कापड भरत गेलं, आणि दोरी पश्चिमेकडे तिरपी झाली. बोडीकडे. धूर मात्र सरळच.

मग आवाज. आमच्या आढ्याचे बांबू भुंग्यांनी पोखरलेले आहेत, दिवसभर त्यांची घूंघूं चालते. मी म्हटलं, भुंगाच. पण भुंगा एका जागी घुमतो. हा आवाज लांबून आला, डोक्यावरून गेला, वळला, परत आला.

गीता खाली गोधडीवर होती, रडत होती. ती एकदम गप्प झाली. तिचे डोळे आढ्याकडे लागले आणि आवाजाबरोबर फिरू लागले. दोन महिन्यांचं पोर, अजून मानही धरत नाही, पण नजर अशी गोल फिरत होती की मी तिच्या नजरेवरूनच मोजलं. एक. दोन. तीन.

तिसऱ्यानंतर आवाज थांबला आणि झोळी गळून पडली. गीता पुन्हा रडायला लागली. मला त्या रडण्याचा इतका आधार वाटला की मी तिला उराशी धरून बराच वेळ बसलो. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझ्या मनाचा खेळ असेल तर असो, पण दोन महिन्यांच्या लेकराच्या मनात काय होतं?

४

त्याच आठवड्यात छकड्यातून एक म्हातारे गृहस्थ पट्टीवर आले. धुतलेली टोपी, हातात छत्री, काखेत कापडी पिशवी. मी त्यांना धान वाळवणाऱ्यांपैकी कोणाचे तरी पाहुणे समजलो.

"इथले चौकीदार उदाराम, ते अजून आहेत का?" त्यांनी विचारलं.

"मीच जी."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "मी केशोराव वझलवार. वर्ध्याला मास्तर होतो. माझा मुलगा अच्युत इथं गेला. त्याच्या पत्रात तुमचं नाव आहे."

त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. एक घडीवर फाटत आलेलं पत्र. त्यातलं त्यांना पाठ होतं. त्यांनी मला म्हणून दाखवलं, की इथं वारा दाखवायला एका पायाचा पायजमा टांगतात, आणि उदाराम नावाचा चौकीदार आहे, तो बाप होणार आहे, त्याच्याकडे माझे पेढे आहेत. दुसरा कागद सरकारचा होता. त्यात लिहिलं होतं की वाऱ्याची दिशा न पाहता उतरल्यामुळे अपघात झाला, चूक वैमानिकाची.

"त्याची आई या चैत्रात गेली," केशोराव म्हणाले. "बारा वर्षं ती एकच म्हणत होती. माझा अच्युत न पाहता उतरला कसा? संक्रांतीला पतंग उडवायचा तरी हा बोट ओलं करून आधी वारा पाहायचा. मी तिला म्हणायचो, अगं, पोरगा उतावळा होता, सरकार खोटं कशाला लिहील? मरताना म्हणाली, एकदा जाऊन विचारून या."

मी पायानं पट्टीवरचं धान सारखं करत होतो.

"मला एवढंच सांगा, उदारामजी. त्या दिवशी खांबावर तो पायजमा होता का?"

पूर्वेचा वारा सुटला होता. लोकांचं धान पट्टीवर पसरलं होतं. एवढ्या मोकळ्या जागेत मला लपायला जागा नव्हती.

"होता जी," मी म्हणालो.

त्यांनी सरकारी कागदाची घडी घातली. बराच वेळ घालत होते. "मग खरंच उतावळा होता," ते म्हणाले.

उन्हातून आलेला म्हातारा माणूस. पाणी तरी विचारायला हवं होतं. मी त्यांना घरी चला म्हणालो. जीभ कशी वळली कोण जाणे.

५

मंदानं गूळपाणी दिलं, चहा ठेवला. झोळी पुन्हा ओसरीत बांधली होती, आतल्या खोलीत पोरगी घामेजते म्हणून. केशोराव खांबाला टेकून बसले, बरोबर माझ्या जागेवर. गीता झोळीत होती. ते सवयीनं दोरी धरून झोका देऊ लागले. हाताला लेकरं सांभाळायची सवय असली की ती जात नाही.

"कापड मोठं चिवट आहे," ते म्हणाले.

"लढाईतल्या साहेबानं देल्लं जी," मंदा कौतुकानं म्हणाली. "धुरपता झाली त्याच दिवशी. माती न लागलेलं कापड पायजे होतं, तं यायनं साहेबाले मांगून आनलं. त्याच दिवशी बोडीत इमान पडलं होतं, बाप्पा. इकडं माझी पोरगी रडली आन् तिकडं लोक बोंबलत पयाले."

मी तिच्याकडे डोळे वटारले. तिला काय कळणार!

केशोरावांची बोटं झोळीच्या काठावरून फिरत होती. त्या काठाला पितळी कड्या होत्या, खांबाच्या लोखंडी गोलात दोरीनं ओवायला. मंदानं त्यांना कधी हात लावला नव्हता, शोभेच्या समजून ठेवल्या होत्या. केशोराव एक एक कडी चाचपत होते. मग त्यांनी पिशवीतलं पत्र काढलं, नुसतंच हातात धरलं.

लांब बालाघाटच्या गाडीची शिटी झाली.

"मंदा, पोरगीले काढ," मी ओरडलो. मंदानं दचकून गीताला उचललं.

मी झोळी फुगायची वाट पाहत होतो. ती फुगली नाही. ती खाली गेली. रिकामी झोळी हळूहळू खाली जात गेली, दोरी ताठ झाली, आढ्याचं लाकूड करकरलं. दोन महिन्यांच्या पोरीच्या वजनानं करकरावं तसं नाही, मोठ्या माणसाच्या वजनानं करकरावं तसं. कापड ताणलं, आणि आतून एका बाजूला गुडघ्याचा गोळा उठला. मोठा गुडघा. दुसऱ्या बाजूला टाच असावी. उलटं, दुमडून, मान खाली करून कोणी बसावं तसं. बुडाशी कापड काळं पडत गेलं आणि तिथून पाण्याचा एक थेंब ओसरीवर पडला.

मंदा चुलीकडे वळली होती. तिनं पाहिलं नाही. केशोरावांची नजर पत्रावर होती. पण त्यांचा हात झोका देत राहिला, सावकाश, जड वस्तूला द्यावा तसा. ते दोनदा काहीतरी पुटपुटले. मला वाटतं, मुलाचं नाव घेतलं.

मग दोरी सैल झाली. ओसरीवर पाण्याचा तेवढा डाग राहिला.

"उदारामजी," केशोराव उठत म्हणाले, "मला तो खांब दाखवा."

६

खांब तेव्हाही उभा होता, गंजलेला, रिकामा. आम्ही दोघं त्याच्याखाली उभे राहिलो. ते काही विचारत नव्हते. त्यांनी विचारलं असतं तर मी पुन्हा खोटं बोललो असतो, इतकं मी मला ओळखतो. ते नुसते वर पाहत होते, जसा त्यांचा पोरगा तिकडून खाली पाहत होता.

"नव्हता जी," मी म्हणालो.

आणि मग जे बारा वर्षं आत दाबलं होतं ते सगळं बाहेर आलं. त्यानं तीन घिरट्या घातल्या तेव्हा पायजमा माझ्या पोटाला होता. मी नुसता धावत बाहेर येऊन दोन्ही हातांनी वर धरला असता, तरी त्याला वारा दिसला असता. पण हवालदार आणि बाकीचे चौकीदार बाहेर येऊन वर पाहत होते. माझ्या हातात ते कापड त्यांना दिसलं असतं. मी म्हटलं, पायलट आहे, त्याला कळेल. त्यांच्यातल्या कोणालाही खांब रिकामा दिसला नाही, कारण रोज दिसणारी गोष्ट नसली तरी माणसाला दिसत राहते.

"आणि विमान बोडीत पडलं तेव्हा?" मला वाटलं त्यांनी विचारलं. खरं तर त्यांनी विचारलं नव्हतं. मीच सांगत होतो.

"सगळे बोडीकडे पळाले. मी खांबाकडे पळालो. जुना फाटका पायजमा खांबावर चढवला. मोठे साहेब आले तेव्हा त्यायले तो दिसला. म्हणून त्या कागदावर तसं लिहिलं."

पाणी छातीएवढंच होतं. पोरगा विमानातल्या बसायच्या जागेच्या पट्ट्यांत अडकून उलटा लटकला होता, डोकं पाण्यात. टेकचंद नावाचा चौकीदार संध्याकाळी मला म्हणाला होता, "तू कोठी होता बे उदाराम? आनखी एक गडी असता तं शेपूट उचललं असतं." हेही मी केशोरावांना सांगितलं. का सांगितलं, कळत नाही. सगळं सांगायला लागलं की माणूस थांबत नाही.

ते मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तीन घिरट्या घातल्या म्हणता?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"म्हणजे त्यानं पाहिलं. तीनदा पाहिलं." त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते रडू लागले. "उतावळा नव्हता हो. तिला मी बारा वर्षं सांगत होतो, उतावळा होता."

डोळे पुसून त्यांनी मला वर्ध्याचा पत्ता लिहून दिला. "मला फक्त दोन ओळी लिहून पाठवा. तुमच्या सहीनं. पायजमा नव्हता, आणि त्यानं पाहिलं. मी तो कागद सरकारकडे पाठवीन."

"लगेच पाठवतो जी," मी म्हणालो.

छकडा जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

७

नाही पाठवल्या.

नोकरी जाईल, तुरुंगात टाकतील, मंदा काय म्हणेल, दोन पोरींची लग्नं कशी होतील. कारणं काय, पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवतात. छप्पनचं साल गेलं, आज साठचा कार्तिक आहे. मी पुन्हा एकदा बोडीकडे न पळता खांबाकडे पळालो, एवढाच त्याचा अर्थ.

ते कापड मी पेटीत घातलं आणि गीताला मंदाच्या जुन्या लुगड्याची झोळी केली. आठ दिवसांत लुगडंही बोडीकडे कलायला लागलं. मग दोरीवर वाळणारा माझा सदरा. मग गीताचं झबलं, दोन्ही बाह्या ताठ, पश्चिमेकडे रोखलेल्या. रोज त्याच वेळी, वारा असो नसो. मंदानं आता थट्टा सोडली आहे. गाडीची शिटी व्हायच्या आत ती मुकाट्यानं सगळे कपडे आत आणते. मला एक शब्द विचारत नाही. तिनं विचारलं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती.

काल गीता दिसेना. ती आता चार वर्षांची आहे, वाऱ्यासारखी पळते. धुरपताला ती बोडीत सापडली, मांडीइतक्या पाण्यात उभी. अंगातला फ्रॉक फुगलेला, पुढं ओढ घेत असलेला. धुरपतानं ओढून आणलं तेव्हा गीता रडलीसुद्धा नाही.

"पान्यात कायले गेली होती वं?" मंदानं तिला हलवून विचारलं.

"तो काका इचारून राहिला होता."

"कोनता काका?"

"बोडीतला. उलटा हाये तो. वारा कोनीकडून हाये म्हने." तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबाले मालूम हाये म्हने."

रात्रभर मंदा तिला घट्ट धरून बसली. मी सकाळी कागद घेतला. दोन ओळी लिहायच्या होत्या. त्या येईनात, म्हणून आधी ही पानं लिहीत बसलो. धुरपता ओसरीत गीताला मांडीवर घेऊन बसली आहे. मी तिला बजावलं आहे, काही झालं तरी सोडू नकोस.

शिटी झाली. आवाज लांबून येतो आहे.

एक घिरटी झाली. गीताचा फ्रॉक भरला आहे. ती धुरपताच्या हातातून सुटायला पाहते आहे.

दुसरी झाली. लिहितो.

*त्या दिवशी खांबावर पायजमा नव्हता, तो मी चोरला होता. अच्युत वझलवार यांनी तीन घिरट्या घालून वारा पाहिला, त्यांची काही चूक नव्हती. वारा पूर्वेकडून होता. सही, उदाराम, चौकीदार.*

सही केली. गीता शांत झाली आहे. तिचा फ्रॉक खाली बसला.

तिसरी घिरटी चालू आहे, पण ती पूर्वेकडे गेली नाही. आवाज बोडीच्या पलीकडून येतो आहे. घरावरून गेला, कवेलू थरथरले. पट्टीच्या या टोकानं, वाऱ्याच्या तोंडावर. बारा आणि चार, सोळा वर्षांत पहिल्यांदा तो नीट उतरला. आवाज मंद होत गेला आणि थांबला. मी रडतो आहे, कागदावर पडू नये म्हणून कागद बाजूला धरला आहे.

आता पट्टीकडून कोणीतरी चालत येतं आहे. ओल्या बुटांचा आवाज आहे. अंगणात आला. मला मान वर करवत नाही, म्हणून लिहीत बसलो आहे.

धुरपता म्हणते आहे, "बाबा, हे कोन आले? पेढे मांगून राहिले."